मर्व्हचे सिमेंटचे सुरय

"आज त्या डेसमंडला कान पकडायला लावतो की नाही, बघच तू!" टोस्टवर व्हेजिमाइट थापता थापता मर्व्ह ट्रेगेंझाने जाहीर केलं.

त्याची बायको व्हॅल वर्तमानपत्राच्या पलीकडे होती. तिने पेपर खाली केला नाही. "गेल्या शनिवारीही हेच म्हणाला होतास."

"गेल्या शनिवारी माझ्याकडे पांढरा रंग नव्हता!"

"म्हणजे काय, रंग फासणारेस त्याला?"

"त्याला नाही गं, माझ्या पक्ष्यांना!"

"मग ठीक आहे. पक्षी तक्रार करत नाहीत," असं म्हणून व्हॅल पुन्हा शब्दकोड्यात शिरली.

तर प्रकरण असं होतं. वॅगटेल पॉइंटच्या किनारी उद्यानात, खाडीच्या तोंडाशी, वाळूची एक लांबट जीभ समुद्रात गेलेली आहे. एके काळी तिथे फेअरी टर्न अंडी घालायला यायचे. हा समुद्रावरचा इवलासा सुरय. अंग पांढरंशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच आणि देहाच्या चौपट आवाज! पुढे तिथे कुत्री आली, वाळूवर जीपा फिरायला लागल्या आणि सुरयांनी त्या जागेचं नाव टाकलं. हा पक्षी भारी संशयी. आपली चार माणसं आधीच बसलेली दिसली, तरच तो खाली उतरणार. म्हणून पक्षीमंडळाने ठरवलं, आपणच चार माणसं बसवू! वाळूभोवती दोर लावायचा आणि आत नकली सुरय मांडायचे.

आणि ते नकली सुरय केले कोणी? मर्व्हने! जन्मभर मासेमारीच्या बोटींवर नावं रंगवलेला माणूस तो. गॅरेजमध्ये साचे काढून त्याने सिमेंट ओतलं, तारेचे पाय लावले आणि एकेका पक्ष्याचा चेहरा वेगवेगळा रंगवला. त्यांच्यात एकाचा स्वभाव तिरसट आहे आणि एक जरा लाजाळू आहे, असं तो पाहुण्यांना गंभीरपणे सांगायचा. पाहुणे व्हॅलकडे बघायचे. व्हॅल छताकडे बघायची.

मर्व्हचे सुरय ऊन, वारा, पाऊस खात वर्षानुवर्षं बसून राहिले. खरा मात्र एकही आला नाही! इकडे पतंगाला लटकून लाटांवर पळणाऱ्या मंडळींचा त्या वाळूवर डोळा होता. त्यांना उतरायला जागा हवी होती. शेवटी उद्यानाची रेंजर केलीन हिने मर्व्हला स्पष्टच सांगितलं होतं, "हा मोसम शेवटचा. नाताळपर्यंत एक तरी जोडी आली तर आली. नाहीतर दोर काढायचा आणि तुझी मंडळी माझ्या शेडमध्ये." ती शेड उद्यानाच्या संडासामागे होती. आपले पक्षी तिथे धूळ खात पडणार या विचाराने मर्व्हची झोप उडाली होती. तो ते कोणाला सांगत नव्हता, एवढंच.

त्यात हा डेसमंड पिकर्सगिल! निवृत्त दंतवैद्य. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी लांब की ती उचलायला तो आधी पाठीला पट्टा बांधायचा. पक्षीमंडळाच्या गेल्या सभेत त्याने भर हॉलमध्ये पडद्यावर मर्व्हच्या सुरयाचं थोबाड भिंतीएवढं मोठं करून दाखवलं.

"मित्रहो, हा डोळ्यापुढचा काळा डाग बघा. फेअरी टर्नमध्ये तो चोचीच्या अलीकडे थांबतो. इथे तो थेट चोचीला टेकलाय! हा पक्षी भलत्याच जातीचा आहे. खरे सुरय वरून बघत असतील आणि म्हणत असतील, चला पुढे, हे आपल्यातले नव्हेत!"

हॉल हसला. मर्व्हचे कान लाल झाले. घरी येऊन त्याने पुस्तक उघडलं, भिंग लावलं आणि मग तर जेवणच गेलं नाही. कारण डेसचं बरोबर होतं!

म्हणून पांढरा रंग. आज मंडळाचा वार्षिक छायाचित्र दिन. उद्यानाच्या कॅलेंडरसाठी फोटो निवडायचे होते, त्यामुळे अख्खं मंडळ खाडीच्या अलीकडच्या काठावर जमलं होतं. दोराच्या आत जायची परवानगी एकट्या मर्व्हला, नकली पक्ष्यांचा रखवालदार म्हणून. सगळ्यांच्या देखत एकेका पक्ष्याचा चेहरा सुधारायचा आणि मग डेसला म्हणायचं, आता बोल!

ओहोटीला तो गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेला आणि दोराशी पोचल्यावर पोटावर आडवा झाला. उभा माणूस दिसला की सुरय घाबरतो. आता सुरय होताच कुठे, असं कोणी विचारेल. पण शिस्त म्हणजे शिस्त! खिशात पांढरा, काळा आणि पिवळा अशा तीन रंगांच्या डब्या, दातात ब्रश आणि कानात फोनची बोंडं अशा थाटात मर्व्ह वाळूतून सरपटू लागला. जेमतेम पहिला पक्षी झाला असेल तोच फोन वाजला.

"मर्व्ह, तू झोपलायस की गेलायस?" डेसचा आवाज.

"काम करतोय. तू फोटो काढ."

"कशाचे काढू? माझ्या लेन्समध्ये सध्या तुझी पँट आहे आणि ती मागून उसवलीय."

मर्व्हने एका हाताने पँट चाचपली. खरंच उसवली होती. पण आता माघार नाही! एक पक्षी झाला, दुसरा झाला, एक रांग झाली, दुसरी झाली. डाग मागे हटत गेला आणि चेहरे कसे उजळत गेले. मधूनमधून डेस फोन करायचा आणि मर्व्ह त्याला "थांब तू" एवढंच म्हणायचा. सूर्य चढला. मर्व्हच्या पोटाखालची वाळू तव्यासारखी तापली. तरी गडी थांबला नाही.

समुद्रशेवाळाच्या एका वाळक्या ढिगाजवळ मात्र तो थबकला. तिथला सुरय पाय पोटाखाली घेऊन बसला होता. मर्व्हने ब्रश सरसावला आणि बघतो तर काय, काळा डाग चोचीच्या बरोब्बर अलीकडे थांबलेला! जसा पुस्तकात, तसाच!

"हा मी बरोबर रंगवला होता!" तो पुटपुटला. कधी रंगवला ते काही त्याला आठवेना. पण मोठ्या कलावंताला आपलं सगळंच काम कुठे आठवतं? आणि काय तो पिसांचा पोत! सिमेंटवर हा पोत आपण आणला! मर्व्हच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने स्वतःहून डेसला फोन लावला.

"शेवाळाच्या ढिगाशेजारचा बघ. लाव ती तुझी तोफ आणि सांग, काय चुकलंय यात?"

डेस दाढ तपासावी तसा तपासत होता.

"डाग बरोबर आहे," तो अखेर म्हणाला.

"हां! आता कसं!"

"पण चोच फार नारिंगी झालीय."

"नारिंगी?"

"खऱ्याची लिंबासारखी पिवळी असते. ही जर्दाळूसारखी दिसतेय. आणि मान बघ, आखडलेली. बसायची ढब तर अशी की बिचाऱ्याला मूळव्याध झालीय."

"अरे, पण पिसं! पिसं तरी बघ!"

"पिसं ठीक. पण डोळा, मर्व्ह, डोळा! त्यात जीव नाही रे. मैलावरून कळतं. सिमेंट ते सिमेंटच!"

मर्व्ह दुखावला. इतक्या सुंदर कामाला नावं ठेवायची म्हणजे काय! पण नीट निरखून पाहिल्यावर चोच त्यालाही जरा नारिंगीच वाटली. डागाच्या बाबतीतही डेसचंच खरं निघालं होतं. आता उगाच हट्ट केला तर पुढच्या सभेत ही चोचसुद्धा भिंतीएवढी होणार! त्याने पिवळ्या रंगाची डबी उघडली.

"लावतो पिवळा. पण मग तोंड बंद करायचं!"

"आधी टोकाला लाव. थोडा उजवीकडे. अजून थोडा. हात थरथरतोय तुझा."

"थरथरत नाहीये!"

ब्रश चोचीपासून बोटभर अंतरावर आला. सुरयाने मान वळवून ब्रशकडे बघितलं. मग त्याने मर्व्हकडे बघितलं.

"डेस," मर्व्ह हळूच म्हणाला, "याने माझ्याकडे बघितलं."

"मर्व्ह, ऊन लागलंय तुला. पाणी पी."

"नाही रे, खरंच! याने..."

"क्रीऽऽक!"

सिमेंटने चोच उघडली होती! पंख फडफडले, मर्व्हच्या तोंडावर वाळू उडाली आणि पक्षी किंचाळत सरळ आभाळात. मर्व्ह आ वासून वर बघत राहिला. वरून एक घिरटी घेऊन पक्ष्याने त्याच्या पाठीवर नेम धरला आणि जो पांढरा रंग सोडला, तसा मर्व्हच्या डबीत नव्हता.

फोनवर डेसचा आवाज आला. इतका बारीक आवाज त्याने उभ्या आयुष्यात काढला नसेल.

"मर्व्ह, चोचीचं आपण कोणाला सांगायचं नाही."

मर्व्हचं तिकडे लक्षच नव्हतं. जिथे पक्षी बसला होता तिथे वाळूत एक वाटीएवढा खळगा होता. त्या खळग्यात, वाळूच्याच रंगाचं, तपकिरी ठिपक्यांचं, अंगठ्याच्या पेराएवढं...

"डेस, अंडं आहे," तो म्हणाला. "अरे, अंडं आहे! आले ते! माझ्या पोरांमध्ये येऊन बसले रे!" इतकी वर्षं लोक त्याच्या पक्ष्यांना हसले होते, आणि तो त्यांच्याबरोबर हसल्यासारखं करत आला होता. आज त्याला खरोखरचं रडू येत होतं आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

पण पक्षी वर होता आणि अंडं उन्हात! तेवढ्यात फोनवर झटापट ऐकू आली आणि केलीनचा आवाज कडाडला. "मर्व्ह! जसा आहेस तसा पडून राहा! बोटसुद्धा हलवायचं नाही!"

"मी मागे सरकतो ना..."

"तू सरकत बसलास तर ती वरच राहील आणि तोवर ते अंडं उकडेल! तोंड खाली घाल आणि दगड हो!"

मर्व्ह दगड झाला. मादी घिरट्या घालत राहिली. फोनमधून केलीन कोणाला तरी विचारताना ऐकू आली, "पण हा इतक्या जवळ गेलाच कशाला?"

आणि डेस! बहाद्दर डेस म्हणाला, "त्याला शंका आली होती. खात्री करायला गेला. मी इथून मार्गदर्शन करत होतो."

या माणसाने आपली दाढ एकदा विनाकारण उपटली होती, तेही मर्व्हने त्या क्षणी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

शेवटी मादी उतरली. तुरुतुरु चालत आली, मर्व्हच्या कोपराला वळसा घातला आणि अंड्यावर बसली. हातभर अंतरावर!

"बसली," मर्व्ह ओठ न हलवता पुटपुटला. "आता येऊ?"

"आता तर अजिबात नाही! ऊन उतरेपर्यंत तिथेच."

"आत्ताशी बारा वाजताहेत गं बाई!"

"तुझ्या पक्ष्यांनी इतकी वर्षं काढली. तू एक दुपार काढ!"

मर्व्ह आपल्या पक्ष्यांच्या रांगेत निमूट पडून राहिला. मुंग्यांनी त्याच्या बाहीतून येजा सुरू केली. भरतीचं पाणी येऊन बुटात शिरलं. वारा फिरला आणि काठावर परतल्या जाणाऱ्या कांद्याचा आणि सॉसेजचा वास थेट नाकात घुसला. मंडळ जेवत होतं! पतंगवाल्यांपैकी एकजण केलीनला विचारताना फोनवर ऐकू आला, "तो म्हातारा मेलाय का?" केलीन म्हणाली, "नाही, अंडं उबवतोय." मर्व्हला हसू फुटलं. ते त्याने वाळूत दाबलं आणि मूठभर वाळू तोंडात गेली.

आणि मग नर आला.

आता या वेळी मर्व्ह कसा दिसत होता, ते सांगायला हवं. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. डोक्यावर मंडळाची काळी टोपी, तीही उलटी, म्हणजे पुढची झडप वाळूत खुपू नये. आणि नाकावर, उन्हाने भाजू नये म्हणून, पिवळ्याधमक झिंक मलमाचा जाड थर! सकाळी व्हॅलने तो हात न आखडता थापला होता.

नर चोचीत चांदीसारखा चमचमता छोटा मासा घेऊन उतरला. रीतच आहे ती. नराने मासा आणायचा आणि बायकोला द्यायचा. तो ऐटीत चालत निघाला. सिमेंटच्या पहिल्या रांगेकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. दुसरीचीही तीच गत. अंड्यावर बसलेल्या बायकोलाही ओलांडून पुढे गेला. तो आला तो थेट मर्व्हच्या नाकासमोर येऊन उभा राहिला, मान खाली झुकवली, पंख जरासे पसरले आणि मासा पुढे केला!

काठावर सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मग जो काही जल्लोष झाला! केलीनने ओठांवर बोट ठेवलं होतं, म्हणून सगळ्यांना आवाज न करता नाचावं लागलं. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पतंगवालेसुद्धा डोळे पुसत होते. खुद्द केलीन मंडळाच्या खजिनदाराला उचलून गरगर फिरवत होती. अशा गडबडीत तिकडे पुढे काय झालं ते कोणी बघितलंच नाही. मर्व्हलाही ते नीट दिसलं नाही, कारण डोळ्यांत घाम गेला होता, असं तो सांगतो. एकटा डेस डोळा लेन्सला लावून बसला होता आणि त्याचं बटण थांबलं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा केलीनने मर्व्हला इंचाइंचाने मागे यायला लावलं. मादी जागची हलली नाही. मर्व्ह पाण्यातून लंगडत काठावर आला. दोन्ही पायांना मुंग्या, खऱ्या आणि आतल्याही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केलीनने घसा साफ केला.

"दोर राहणार! पतंगवाल्यांना खालच्या किनाऱ्यावर जागा देऊ, त्यांनीही मान्य केलंय. पक्षी राहणार!"

मर्व्हची छाती सदऱ्यात मावेना. "मी म्हटलं नव्हतं? आता रोज सकाळी जाऊन देखरेख..."

"तू नाही," केलीन म्हणाली.

"मी नाही म्हणजे? रखवालदार मी आहे!"

"पिल्लं उडेपर्यंत तू दोराच्या आत पाऊल टाकायचं नाहीस. नर तुला मासे देतोय, मर्व्ह! तू आत गेलास तर त्याच्या बायकोने काय खायचं?"

क्षणभर मर्व्हचा चेहरा पडला. पण क्षणभरच! अख्ख्या किनाऱ्यावर असा एक तरी माणूस दाखवा, ज्याला पक्ष्याच्या संसारात लुडबूड होते म्हणून बंदी घातलीय! गाड्यांपर्यंत जाताना त्याने ही बंदी भेटेल त्याला सांगितली. दोन अनोळखी बायकांनाही सांगितली.

गाडीपाशी डेस त्याची वाट बघत होता. त्याने कॅमेऱ्याचा पडदा पुढे धरला. नर मासा घेऊन झुकलाय, समोर मर्व्हचं पिवळं नाक, मागे सिमेंटच्या सुरयांच्या रांगा. असा फोटो मंडळाच्या इतिहासात झाला नव्हता. मर्व्हने शत्रूच्या खांद्यावर हात टाकला.

"डेस, तू कलावंत आहेस रे!"

"तूही. हा कॅलेंडरला जाणार. पण यानंतरचाही एक आहे," डेस म्हणाला आणि त्याने बोट सरकवलं.

मर्व्हने तो फोटो बघितला आणि लगेच इकडेतिकडे बघितलं.

"हा उडव."

"उडवतो. पण ती चोच, नारिंगी वगैरे..."

"कसली चोच?" मर्व्ह म्हणाला.

दोघांनी हात मिळवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकांना बिअर पाजली.

घरी पोचला तोवर मर्व्ह ही कथा इतक्यांदा सांगून बसला होता की ती आता गाण्यासारखी म्हणता येत होती. व्हॅलने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि ओल्या फडक्याने ती त्याच्या नाकावरचं झिंक खरवडायला लागली. तरी त्याचं तोंड चालूच!

"कळतंय का तुला व्हॅल, काय झालं ते? बायको शेजारी बसलेली असताना तो सरळ माझ्याकडे आला! प्रत्यक्ष पक्ष्याला! माझ्यात आणि सुरयात! फरक कळला नाही! मासा काढून मला दिला!"

"कुठाय मग?"

"काय?"

"मासा."

नळ ठिबकत होता. मर्व्हने हात लांबवून तो घट्ट बंद केला.

"परत घेऊन गेला," तो शेवटी म्हणाला. "बायकोला नेऊन दिला."

व्हॅलने त्याची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. उन्हाने लाल झालेले गाल, मिशीतली वाळू, कानातलं शेवाळ, सगळं तिने सावकाश बघून घेतलं आणि पुन्हा नाक घासायला लागली.

"हं," ती म्हणाली. "जवळ आल्यावर नीट दिसलं असणार त्याला."